पद्मिनीला फ्युएल इंजेक्शन बसवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न मला पेट्रोल पंपावर, आरटीओच्या रांगेत आणि गणपतीला घरी आलेल्या पाहुण्यांनी बॉनेट उघडायला लावून विचारलेले आहेत. माझी गाडी प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची. त्यामुळे उदाहरणं बहुतेक तिचीच आहेत. अॅम्बॅसॅडरवाल्यांना जिथे वेगळं करावं लागेल तिथे तसं सांगितलंय.

हे नेमकं असतं काय?

कार्ब्युरेटरमध्ये हवा अरुंद गळ्यातून जाते, तिथे दाब कमी होतो आणि जेटमधून पेट्रोल ओढलं जातं. किती ओढलं जाणार हे जेटच्या भोकावर ठरतं आणि ते भोक पितळेत कायमचं पाडलेलं असतं. इंजेक्शनमध्ये पंप पेट्रोल साधारण ३ बार दाबाखाली धरून ठेवतो आणि इंजेक्टर नावाचा छोटा विजेवरचा व्हॉल्व्ह काही मिलिसेकंद उघडून तेवढंच सोडतो. किती मिलिसेकंद, ते ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, ठरवतो. त्यासाठी तो इंजिनचा वेग, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) दाब, पाण्याचं आणि हवेचं तापमान बघतो. कंपनीच्या गाडीत हा हिशेब कुलूपबंद असतो. इथे त्या हिशेबाचा तक्ता तुम्ही भरता, लॅपटॉप लावून, इंजिन चालू असताना.

तंत्र नवं नाही. फोक्सवॅगन १६०० ला बॉशचं डी-जेट्रॉनिक १९६७ साली लागलं होतं. आपल्याकडे तेव्हा फियाट डिलाइट चालत होती. घरी बसून करण्याचा मार्ग मात्र २००१ मध्ये खुला झाला, ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो यांच्या मेगास्क्वर्ट नावाच्या ईसीयूमुळे. त्याचं किट लोक स्वतः सोल्डर करायचे.

अॅव्हरेज वाढेल ना?

थोडंफार वाढेलही, पण त्यासाठी हा खटाटोप करू नका. जेट साफ, फ्लोटची पातळी बरोबर, ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप आणि टायमिंग जागेवर, एवढं केलं तरी सोलेक्सवर, म्हणजे मूळच्या कार्ब्युरेटरवर, गाडी छान चालते. अॅव्हरेजसाठी पैसे खर्च करायचे असतील तर आधी टायरमधली हवा बघा आणि ब्रेक चाकाला अडकून तर राहत नाहीत ना ते बघा. हे मी मनापासून सांगतोय. अर्धे लोक इथेच थांबले तर त्यांचं भलंच होईल.

मग करायचं कशाला?

माझ्या मते तीन कारणं.

पहिलं व्हेपर लॉक. खंडाळ्याच्या घाटात एप्रिल-मेमध्ये बॉनेट उघडून उभी असलेली फियाट आणि तिच्या पेट्रोल पंपावर टाकलेलं ओलं फडकं हे दृश्य पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने पाहिलंय. ते फडकं का टाकायचे? मूळचा यांत्रिक पंप इंजिनच्या ब्लॉकवर बसतो, कॅमशाफ्टवर चालतो आणि मागच्या टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढताना पाइपातला दाब उतरतो, वर इंजिनची धग, त्यामुळे पेट्रोल पाइपातच उकळतं आणि पंपाच्या हाती वाफ लागते. इंजेक्शनचा पंप टाकीजवळ असतो आणि पेट्रोल पुढे ढकलतो. ३ बार दाबाखाली पेट्रोलचा उत्कलनबिंदू चढतो आणि जास्तीचं पेट्रोल परतीच्या पाइपाने टाकीत फिरत राहतं, त्यामुळे ते एका जागी तापत बसत नाही. मे महिन्यात दादरच्या ट्रॅफिकमध्ये याची किंमत कळते.

दुसरं, उंची. मुंबईत हवेचा दाब १०१ किलोपास्कल, महाबळेश्वरला साधारण ८६. मुंबईत सेट केलेला कार्ब्युरेटर वर गेल्यावर पेट्रोल जास्त देतो, प्लग काळे पडतात, पिकअप जातो. ईसीयू दाब मोजूनच पेट्रोल देतो, त्यामुळे तो घाटात आपोआप हात आखडतो.

तिसरं कारण इथेनॉल. त्यावर खाली वेगळा प्रश्न आहे.

इंजिन थोडं ऑइल खातं. इंजेक्शनने सुधारेल का?

नाही. आधी कॉम्प्रेशन मोजा, चारही सिलिंडरचं. एक जरी बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटचं काम आधी. टॅपेट सेट करा. मॅनिफोल्डला हवा चोरी होत असेल तर ती बंद करा. आजारी इंजिनवर ट्यूनिंग करणं म्हणजे नुसता वेळ घालवणं, कारण तक्त्यात भरलेला प्रत्येक आकडा इंजिन दुरुस्त झाल्यावर खोटा ठरतो.

माझी गाडी पन्नास वर्षांच्या पुढची आहे. व्हिंटेज नोंदणी करायची आहे. चालेल?

अशा गाडीला हात लावू नका. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ स्वरूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. चासिस, बॉडी आणि इंजिनमध्ये मोठे फेरफार केलेले नसावेत, ही त्यातली मुख्य अट. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. ज्या गाडीला मूळ सोलेक्स, मूळ एअर फिल्टर आणि मूळ पंप अजून आहे, तिला तसंच राहू द्या. इंजेक्शनसाठी ती गाडी घ्या जिच्यावर आधीच चार मेस्त्रींनी हात साफ केलाय.

साध्या नोंदणीच्या गाडीला आरटीओचं काय?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपुस्तकातले तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमावर कडक निकाल दिला. इंजेक्शनमध्ये इंजिन नंबर, सीसी आणि इंधन तेच राहतं. पण ‘पुस्तकात बदल नाही म्हणजे परवानगी आहे’ असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नका. काम सुरू करण्याआधी आपल्या आरटीओत लेखी अर्ज देऊन विचारा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवा. आग लागल्यावर क्लेमच्या टेबलावर ‘हा पंप कुठून आला’ हा प्रश्न पहिला येतो.

पीयूसीची काळजी नको. जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे आणि नीट ट्यून केलेलं इंजेक्शन त्याच्या पुष्कळ खाली राहतं.

ईसीयू कुठला घ्यावा?

सोल्डरिंग येत असेल आणि रात्री जागून मंच वाचायची तयारी असेल तर स्पीडुइनो. हे आर्डुइनो मेगा २५६० वर बसतं, त्याचा सगळा आराखडा खुला आहे आणि चार इंजेक्टर चॅनेल पद्मिनीला भरपूर झाले. तयार, डबाबंद, सीलबंद कनेक्टरवालं हवं असेल तर मेगास्क्वर्टच्या तयार आवृत्त्या आहेत, पैसे जास्त. दोन्हीला ट्यूनर स्टुडिओ हेच सॉफ्टवेअर चालतं, म्हणून एकीकडे शिकलेलं दुसरीकडे वाया जात नाही. ईसीयूच्या निवडीवर लोक महिनोन्महिने वाद घालतात. माझ्या अनुभवात तो या कामातला सगळ्यात कमी त्रास देणारा भाग आहे. त्रास देतात पाइप, अर्थिंग आणि क्रँकचा (इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याचा) सिग्नल, आणि त्यावर कोणी वाद घालत नाही.

सुटे भाग मुंबईत मिळतात?

बहुतेक सगळे. मारुती ८०० मध्ये २००० च्या सुमारास एमपीएफआय, म्हणजे फ्युएल इंजेक्शन, आलं, त्यामुळे कुर्ला-कलिन्याच्या सीएसटी रोडवर भंगारातले थ्रॉटल बॉडी (अॅक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप), सेन्सर, रिले आणि मुख्य म्हणजे कापलेल्या वायरसकट कनेक्टर मिळतात. सेन्सर घेताना त्याचा कनेक्टर वीतभर वायरीसह मागून घ्या. नंतर नुसता कनेक्टर शोधत फिरणं ही शिक्षा आहे. रेझिस्टर, टर्मिनल, हीटश्रिंक, डबा यांसाठी लॅमिंग्टन रोड. चोरबाजारात एखादा जास्तीचा सोलेक्स मिळाला तर घ्या. काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, आता तिचे भाग वाढणार नाहीत.

दोन गोष्टी भंगारातून घेऊ नका: पेट्रोलचा पंप आणि पेट्रोलचा पाइप. तिथे घासाघीसही नको.

थ्रॉटल बॉडी घेताना ती केबलवर चालणारी बघा. नव्या गाड्यांतली मोटरवर चालणारी इथे डोकेदुखी होते. बाजूचा पोझिशन सेन्सर तीन वायरींचा हवा. मल्टिमीटर लावून बटरफ्लाय हळूहळू उघडा, रेझिस्टन्स एकसारखा चढला पाहिजे. मध्येच उडी मारत असेल तर परत द्या.

इंजेक्टर केवढा?

हा हिशेब कागदावर होतो, म्हणून तो इथेच करू. पद्मिनीची ताकद चाळीस-एक हॉर्सपॉवर धरा, म्हणजे ३० किलोवॅट. असलं जुनं इंजिन पूर्ण लोडवर दर किलोवॅट-तासाला साधारण ३४० ग्रॅम पेट्रोल जाळतं. म्हणजे तासाला १० किलोच्या आसपास, मिनिटाला १७० ग्रॅम, आणि घनतेने भागल्यावर मिनिटाला साधारण २३० सीसी. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून एकच इंजेक्टर असेल तर तो २९० सीसीचा हवा. इथेनॉलसाठी थोडी जागा ठेवून ३०० च्या पुढचा घ्या. चार असतील तर प्रत्येकी ७५ ते ८० सीसी पुरतात.

‘मोठा घेऊन ठेवू, पुढे उपयोगी पडेल’ ही वृत्ती इथे नडते. इंजेक्टरला उघडायलाच सुमारे १ मिलिसेकंद लागतो. खूप मोठा इंजेक्टर घेतला की आयडलला एकूण वेळ दीड मिलिसेकंदावर येतो आणि त्यातला बराचसा उघडण्यातच जातो. मग बॅटरीचा व्होल्टेज जरा हलला की आयडल डुलायला लागतं. १२ ते १६ ओहमचे इंजेक्टर घ्या, ते ईसीयूला सरळ जोडता येतात. २-३ ओहमवाले स्वस्त मिळाले तरी नकोत.

चार इंजेक्टर की एकच?

मॅनिफोल्ड उतरवून हेडची इनलेट तोंडं मोजा. अॅम्बॅसॅडरच्या १४८९ सीसी बी-सिरीज इंजिनात दोन-दोन सिलिंडर मिळून एकच इनलेट तोंड असतं. तिथे प्रत्येक तोंडाला इंजेक्टर लावला तर शेजारचा सिलिंडर पेट्रोल चोरतो: एक अति, एक उपाशी. वेळ नेमकी साधून हे सोडवता येतं, पण पहिल्या प्रकल्पात नको.

जुन्या गाडीत मी एकच इंजेक्टर, थ्रॉटलच्या वर, मूळ मॅनिफोल्ड तसाच, याच बाजूचा आहे. मॅनिफोल्डवर वेल्डिंग नाही, इंजेक्टरची तोंडं टर्न करायला लेथवाल्याकडे खेपा नाहीत, आणि उद्या वाटलं तर चार बोल्ट काढून कार्ब्युरेटर परत बसतो. मॅनिफोल्डला एक्झॉस्टची ऊब मिळते ती बंद करू नका, ओलं पेट्रोल भिंतीवर बसू नये म्हणून ती हवीच असते.

पेट्रोलचा पाइप, पंप, टाकी: काय काय बदलावं लागतं?

जवळजवळ सगळं. कामाचा जीव इथे आहे आणि जीव जाऊ शकतो तोही इथेच. म्हणून जरा सविस्तर.

कार्ब्युरेटरला पाव बारच्या आसपास दाब असतो. पाइप गळला तर थेंब पडतो, वास येतो, आपण क्लिप आवळतो. इंजेक्शनला ३ बार असतो. तिथे बारीक चीर पडली तर पेट्रोलचं धुकं उडतं, तापलेल्या एक्झॉस्टवर. म्हणून जुना रबरी पाइप एक इंचही ठेवायचा नाही. पाइपावर ‘एसएई जे३० आर९’ छापलेलं बघून घ्या, आर७ म्हणजे कार्ब्युरेटरचा. नुसतं ‘चांगल्या क्वालिटीचा’ म्हणणाऱ्या दुकानदाराला छाप दाखवायला सांगा. क्लिपही खाचा पाडलेल्या जुबिली नकोत, त्या रबर कापतात. गुळगुळीत पट्टीच्या, स्क्रू-नटवाल्या इंजेक्शन क्लिप घ्या. लांबचा पल्ला धातूच्या पाइपाने करा, तो एक्झॉस्टपासून दूर आणि गतिरोधकावर आपटणार नाही असा वर धरून न्या. रबर फक्त दोन टोकांना, जिथे इंजिन हलतं तिथे.

पंप टाकीच्या जवळ आणि टाकीच्या पातळीच्या खाली बसवा. हे पंप ढकलायला तयार असतात, ओढायला नाही. पंपाच्या आधी जाडी जाळी, नंतर इंजेक्शनचा बारीक फिल्टर.

परतीचा पाइप टाकीत न्यायचा तर टाकीला भोक पाडून वेल्डिंग करावंसं वाटतं. करू नका. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याची, कारण आत वाफ असते. पेट्रोल गेजचा सेंडर ज्या चकतीवर बसतो ती चकती सुटी काढा, टेबलावर घेऊन तिलाच परतीची नळी जोडून आणा, नवीन गॅस्केटसह बसवा. चकतीत जागा नसेल तर टाकी वाफेने धुऊन देणाऱ्या आणि रोज हेच काम करणाऱ्या माणसाकडेच द्या.

सेंडर काढला की टॉर्च मारून टाकीत बघाल. मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षं अर्धी राहिलेली टाकी आतून तांबडी झालेली असते. ती गंजाची पूड कार्ब्युरेटर पचवतो, इंजेक्टर नाही. आधी टाकी साफ.

जुन्या टाकीत आडव्या भिंती नसतात, त्यामुळे पेट्रोल कमी असताना पेडर रोडच्या वळणावर ते एका बाजूला जातं, पंपाला हवा लागते आणि गाडी झटका खाते. कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमुळे हे कधी कळत नव्हतं. दोन उपाय: पाव टाकीच्या खाली जायचं नाही, किंवा मध्ये एक छोटी लिटरभराची टाकी बसवायची, जी कमी दाबाच्या पंपाने भरत राहते आणि तिच्यातून मोठा पंप ओढतो.

ब्लॉकवरचा यांत्रिक पंप काढल्यावर त्याचा दांडा बाहेर काढा आणि भोकावर गॅस्केट घालून पट्टी बसवा. नाहीतर ऑइल थेट जमिनीवर.

आणि पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात द्या, सरळ इग्निशनला जोडू नका. इंजिन बंद पडलं की दोन सेकंदांत पंप बंद झाला पाहिजे. अपघातात इंजिन थांबलं आणि पंप फुटक्या पाइपातून पेट्रोल ओततच राहिला, तर काय होईल ते सांगायला नको.

सगळं जोडल्यावर इंजिन सुरू न करता पंप दहा मिनिटं चालवा, आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. टिश्यू ओला तर काम थांबवा. अग्निशामक सिलिंडर हाताशी, डिकीत नाही.

क्रँकचा सिग्नल कुठून घ्यायचा? पॉइंटवरून चालणार नाही का?

सुरुवातीला चालतं. फक्त पेट्रोल ईसीयूला द्यायचं असेल तर कॉइलच्या निगेटिव्हवरून वेग कळतो, टायमिंग जुन्या डिस्ट्रिब्युटरकडेच (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाकडेच) राहतं. पण जुने पॉइंट उड्या मारतात आणि ईसीयूला अचानक इंजिन नऊ हजारांवर गेल्यासारखं वाटतं.

पक्कं काम करायचं तर क्रँक पुलीवर ३६ वजा १ दात्यांची चकती. छत्तीस दात्यांच्या जागा, एक दाता नाही, त्या गाळलेल्या जागेवरून ईसीयूला क्रँक कुठे आहे ते कळतं. लेथवाल्याकडून ती पुलीशी एककेंद्री करून घ्या. चकती डुलली तर सेन्सरपासूनचं अंतर दर फेरीत बदलतं. ते अंतर १ मिलिमीटरच्या आत ठेवा. सेन्सरची ब्रॅकेट जाड पत्र्याची करा आणि ब्लॉकला लावा, बॉडीला नव्हे. बॉडीला लावलेला सेन्सर इंजिन थरथरलं की दूर जातो.

ही चकती लागली की ठिणगीही ईसीयूकडे देता येते. मग डिस्ट्रिब्युटरचा अॅडव्हान्स (वेगाप्रमाणे ठिणगी आधी पाडणारी रचना) आतून पक्का बांधावा लागतो. पण आधी पेट्रोल जमू द्या. दोन्ही एकदम बदलली आणि गाडी सुरू झाली नाही, तर चूक कुठे शोधणार?

लॅपटॉपवर वेग सारखा शून्य होतो, ईसीयू परत सुरू होतो. बोर्ड खराब?

शंभरातल्या नव्वद वेळा प्लगच्या वायरी. जुन्या फियाटला तांब्याच्या तारेच्या हाय टेन्शन वायरी असतात, त्यांतून रेडिओ स्टेशनएवढा गोंगाट निघतो. रेझिस्टर असलेले प्लग आणि कार्बन गाभ्याच्या सप्रेसर वायरी लावा. क्रँक सेन्सरची वायर जाळीदार घ्या, जाळी एकाच टोकाला अर्थ करा, आणि ती कॉइलजवळून नेऊ नका.

मग अर्थिंग. ईसीयूचं अर्थ थेट इंजिनच्या ब्लॉकला. सेन्सरांचं अर्थ ईसीयूत परत, वाटेत बॉडीला नाही. पन्नास वर्षं मुंबईची खारी हवा खाल्लेल्या बॉडीच्या पत्र्यावर रंग, पुट्टी आणि गंज यांच्यात धातू किती उरलाय हे तुम्हीच ठरवा. बॅटरी ते ब्लॉक जाड पट्टी नवी टाका.

डायनॅमो पुरेल?

नाही. पंप, इंजेक्टर, लॅम्डा सेन्सरचा (एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरचा) हीटर मिळून दहा-एक अँपिअर सतत लागतात, आणि डायनॅमो आयडलला जेमतेम चार्ज करतो. त्यात रात्र, पाऊस, हेडलाइट, वायपर. अल्टरनेटर बसवा.

तापमानाचे सेन्सर कसे जुळवायचे?

भंगारातल्या सेन्सरबरोबर कागद येत नाही. सेन्सर बर्फाच्या पाण्यात, मग खोलीच्या तापमानाला, मग उकळत्या पाण्यात बुडवा, प्रत्येक वेळी मल्टिमीटरवरचे ओहम लिहा. हे तीन आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले की तो वक्र स्वतः काढतं. मुंबई समुद्रसपाटीवर असल्यामुळे उकळतं पाणी इथे बरोबर १०० अंशांचं. चहाचं पातेलं वापरलंत तर नंतर घरी उत्तर तयार ठेवा.

ट्यूनिंग घरी होतं की डायनोवरच (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच)?

रस्त्यावर होतं, पण दोन माणसं लागतात. एक चालवतो, दुसरा मांडीवर लॅपटॉप घेतो. चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही, हा नियम मोडणाऱ्याच्या गाडीत मी बसत नाही.

आधी वाइडबँड लॅम्डा सेन्सर एक्झॉस्टमध्ये बसवा, बॉशचा एलएसयू ४.९ सर्वत्र चालतो. तो पाइपाच्या बाजूने किंवा खालून नको, पाइपाच्या वरच्या अंगाला, घड्याळाच्या दहा ते दोनच्या दरम्यान उभा तिरका हवा, म्हणजे पाण्याचे थेंब आत जात नाहीत. त्याच्या आधी एक्झॉस्ट कुठे फुटका असेल तर बाहेरची हवा आत येते आणि सेन्सर खोटं बोलतो. वीज न देता तो चालू एक्झॉस्टमध्ये ठेवू नका, मरतो.

तक्ता १६ बाय १६ चा, म्हणजे २५६ खाने. घाबरू नका, पद्मिनी त्यातल्या निम्म्यांत पाऊलही टाकत नाही. सुरुवातीला सगळीकडे जरा जास्त पेट्रोल द्या. मग आयडल बसवा, लॅम्डा ०.९५ ते १ (१ म्हणजे हवा आणि पेट्रोल नेमकं जुळलेलं, त्याखाली पेट्रोल जास्त). मग एकसारख्या वेगाचे खाने, तिथे १. पूर्ण लोडला ०.८७ च्या आसपास, तिथे काटकसर करायची नाही, पिस्टन जळतो. लोडचे खाने भरायला चढ लागतो, त्यासाठी रात्री उशिरा फ्लायओव्हर बरे. वेगमर्यादेत राहूनच, कारण या गाडीला पूर्ण थ्रॉटल द्यायला शंभरचा वेग लागत नाही, तिसऱ्या गिअरवर चढ पुरतो.

थंडीच्या तक्त्यावर वेळ घालवू नका. मुंबईत सकाळी १५ अंशांच्या खाली इंजिन क्वचितच जातं. चोकची दोरी मात्र डॅशबोर्डवर राहू द्या, नाहीतर तिथे भोक दिसतं.

अॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळते हे सगळ्यात शेवटी सोडवा. मूळ तक्ता चुकलेला असताना अॅक्सिलरेशनचे आकडे वाढवत गेलात तर दोन चुका एकमेकींना झाकतात.

सोसायटीच्या कंपाउंडमध्ये करू का?

वायरिंग, सेन्सर, सॉफ्टवेअर खुशाल. पेट्रोल उघडं करायचं काम गॅरेजमध्ये. स्टिल्ट पार्किंगमध्ये तर मुळीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत पलीकडच्या मीटर रूमपर्यंत जाते. सेक्रेटरी ओरडले तर यावेळी त्यांचं बरोबर आहे.

ई२० चं काय?

२०२३ पासून टप्प्याटप्प्याने पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९, ई२० ला साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. जुन्या जेटवर गाडी तेवढी लीन, म्हणजे इंधन कमी पडून, चालते. इंजेक्शनमध्ये हा एक आकडा बदलला की झालं, आणि म्हणूनच मी गुणोत्तराऐवजी लॅम्डामध्ये काम करतो. कुठलंही पेट्रोल भरा, १ म्हणजे १.

इथेनॉल जुनं रबर फुगवतं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी दोन-दोन महिने उभी ठेवणाऱ्यांनी टाकी रिकामी तरी ठेवावी किंवा गाडी दर आठवड्याला तरी फिरवावी.

पावसात बंद पडेल का?

ईसीयू डॅशबोर्डखाली, ग्लोव्हबॉक्सच्या वर बसवा. पायाखाली नको, पद्मिनीच्या विंडस्क्रीनचं रबर कुठे गळतं ते तुम्हाला माहीत आहेच. आर्डुइनोच्या प्रयोगासाठीच्या टोचायच्या वायरी गाडीत अजिबात नकोत. बोर्डावर वार्निशचा थर द्या. आणि हिंदमाता किंवा मिलन सबवेत पाणी भरलं असेल तर घरीच बसा. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं तर कार्ब्युरेटर काय नि इंजेक्शन काय, कनेक्टिंग रॉड वाकतोच.

वाटेत बंद पडली तर कुठला मेस्त्री दुरुस्त करेल?

पद्मिनीवाला मेस्त्री हात जोडेल, मारुतीवाला बघेल पण लॅपटॉप लागेल म्हणेल. म्हणून वायरिंगचा नकाशा, वायरींच्या रंगांसह, छापून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा, आणि बरोबर हे घ्या: पंपाचा रिले, फ्यूज, क्रँक सेन्सर, मल्टिमीटर. बंद पडली तर आधी चावी फिरवून पंपाची दोन सेकंदांची गुणगुण ऐका. गुणगुण नाही तर रिले किंवा फ्यूज. आहे, पण स्टार्टर मारताना लॅपटॉपवर वेग शून्य, तर क्रँक सेन्सर. रस्त्यावरचे बहुतेक प्रश्न या दोनमध्ये संपतात.

काढलेला कार्ब्युरेटर विकू का?

नको. जेट, लिंकेज, यांत्रिक पंप, त्याचा दांडा आणि मूळ नट-बोल्ट एकाच डब्यात, तेल लावून, गाडीचा नंबर लिहून ठेवा. पुढच्या मालकाला परत मूळ स्वरूप हवं असेल, किंवा तुम्हालाच एखाद्या रॅलीच्या आधी.